मागच्या गाडीची खोली

"सरका जरा. आणखी एक बसते."

हे म्हणताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं हवेत मागच्या दिशेला हलायची. एस.टी.ची गाडी असो, लग्नाची पंगत असो, नाहीतर माझ्या ऑफिसातला तीन माणसांचा बाक असो, भरलेली जागा त्यांना कधी दिसलीच नाही. नोकरी संपून वर्षं लोटली तरी अंगातली गाडी उतरली नव्हती. आम्ही सगळे त्यांना कंडक्टरकाका म्हणायचो. त्यांचं खरं नाव माझ्या फायलींवर तीन वेळा लिहिलेलं आहे, पण ते इथे सांगत नाही. त्यांनी कुणाचं तिकीट फाडताना नाव विचारलं नाही, मीही त्यांचं तेवढं राखतो.

मी साकोलीत घरांचे नकाशे काढतो. इंजिनिअर नाही, ड्राफ्ट्समन. लोक इंजिनिअर साहेब म्हणतात आणि मीही त्यांच्याशी फारसा वाद घालत नाही.

तुम्ही कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर, हायवेपासून आत, एखाद्या लेआउटमध्ये फिरून पाहा. धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, बुजवून प्लॉट पाडलेले असतात. त्यात एक तरी घर असं दिसेल की मूळ घर कुठलं आणि जोडलेलं कुठलं ते कळणार नाही. पोर्चची खोली झालेली असते, जिन्याखाली संडास गेलेला असतो आणि बेडरूमची खिडकी उघडली की दुसऱ्या बेडरूममधला पंखा दिसतो. अशी घरं पाहून आपण हसतो. मीही हसतो. फरक एवढाच, की त्यातली निम्मी माझ्या हातची आहेत.

काका पहिल्यांदा ऑफिसात आले तेव्हा बसण्याआधी त्यांनी माझी खोली मोजली. भिंतीला टाच लावली, दुसऱ्या पायाची टाच पहिल्याच्या अंगठ्याला टेकवली, आणि असे मोजत मोजत माझ्या टेबलापर्यंत पोचले. मग समाधानानं म्हणाले, "इथी आणखी एक टेबल बसते, साहेब."

"कशाला हवं काका? मी एकटाच आहे."

"आज एकटे आहा. उद्या कोणी आलं तं?"

त्यांना पोर्च बंद करून खोली काढायची होती. मी जागा पाहायला गेलो. मधे स्वयंपाकघर आणि एक खोली, हे मूळ घर. मागे एक खोली जोडलेली, पश्चिमेला एक. त्या दोन्ही मिस्त्रीनं नकाशाशिवाय बांधलेल्या, काकांच्या पावलांच्या मापानं. प्रत्येक खोलीची फरशी वेगळ्या उंचीवर होती. समोरच्या रस्त्यावर दर काही वर्षांनी नवी गिट्टी पडायची, रस्ता वर यायचा, आणि पावसाचं पाणी आत शिरेल या भीतीनं काका प्रत्येक नवी खोली रस्त्याच्या नव्या उंचीनं उचलायचे. बालपण धानाच्या बांधीत गेलेला माणूस, धुरा म्हणजे बांध उंच केला की निश्चिंत. पण अशानं पाणी जुन्या खोल्यांत उतरतं, हे त्यांच्या ध्यानात यायचं नाही. मागच्या खोलीत जाताना एक पायरी वर, पश्चिमेच्या खोलीत जाताना दीड पायरी वर. मी पहिल्याच दिवशी दोनदा ठेचकाळलो.

"काका, घरात असं चढ-उतार बरं नाही."

"गाडीत चढाले पायरी नसते काय?" ते म्हणाले. या उत्तरावर ते स्वतःच खूश झाले.

घरात माणसं दोनच, काका आणि काकू. मूलबाळ नव्हतं. दोघंही मूळचे दिघोरीकडचे. दोन माणसांना मी तिसरी खोली काढून देत होतो आणि त्याबद्दल मला काहीच वाटलं नाही. गिऱ्हाईक मागतं ते काढून द्यायचं, हा आमचा धंदा.

पोर्चची खोली झाली. तिच्यात दोन खाटा आल्या, गाद्या गुंडाळून ठेवल्या गेल्या, खिडकीत तांब्या पालथा पडला. मागच्या खोलीतही तसंच होतं, पश्चिमेच्या खोलीतही. सगळ्या खाटा रिकाम्या. काकू रोज सगळीकडे झाडू मारायच्या.

एकदा बदली होऊन आलेल्या एका मास्तरांना खोली हवी होती. मीच त्यांना काकांकडे घेऊन गेलो. माणूस सज्जन, घरात लहान मूल. काकांनी त्यांना चहा पाजला, गावाकडची विचारपूस केली, आणि खोलीचं विचारल्यावर म्हणाले, "ते रिझर्व्ह आहे."

"कोणासाठी?"

"पॅसेंजर याचा बाकी आहे."

मास्तर हसले. मीही हसलो. काका हसले नाहीत. मास्तर गेल्यावरही ते बराच वेळ दारात उभे होते.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि घरोघर पाहुणे. मंडईला ज्याच्या घरी पाहुणा नाही त्याच्या घराकडे लोक जरा वेगळं पाहतात. काका मंडईच्या दिवशी धुतलेला पायजमा घालून सकाळपासून बसस्टँडवर उभे असायचे. तुमसरकडून येणारी गाडी लागली की पुढे व्हायचे, उतरणारा एकेक चेहरा पाहायचे आणि गाडी रिकामी झाली की मागे येऊन बाकावर बसायचे. नवीन कंडक्टर पोरांना वाटायचं, म्हाताऱ्याला गाड्यांची सवय सुटत नाही. मलाही तेच वाटायचं.

खरी गोष्ट मला काकूंनी सांगितली, आणि तीही चौथ्या खोलीच्या वेळी.

चौथी खोली पूर्वेची. काकांनी अंगणात पावलं टाकून दाखवलं, "इथी एक खोली बसते ना? मोठी बसते. हे खास." मी टेप घेऊन आत-बाहेर मापं घेत होतो. स्वयंपाकघराला पूर्वेची एक खिडकी होती. घरात उघडं आभाळ दिसणारी तेवढीच एक खिडकी उरली होती, बाकीच्या तिन्ही बाजूंच्या खिडक्या खोल्यांत उघडायच्या. थंडीचे दिवस होते. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि कोब्याच्या जमिनीवर चौकोन पडला होता. मी टेप लावायला खाली वाकलो तर जमिनीवर खिळ्यानं ओढल्यासारख्या रेघा दिसल्या. चार-पाच इकडे, चार-पाच जरा बाजूला.

"काकू, हे ओरखडे कशाचे?"

"ते माही घडी आहे, बाबू." त्या लाजल्या. मग तांदळाचं सूप बाजूला ठेवून जवळ आल्या आणि बोटानं दाखवू लागल्या. "ऊन इथी असलं का चहा. इथी आलं का भात टाकाचा. आन् पार भिंतीपाशी गेलं का हे जेवाले बसतेत. ह्या थंडीच्या रेघा. उन्हाळ्याच्या ह्या अलग. ऊन काही एका जागी बसत नाही ना, माणसावाणी."

चौकोनाची कड तेव्हा भाताच्या रेघेवर होती. मी मोबाइल पाहिला. पावणेदहा झाले होते. मी गंमत म्हणून तसं सांगितलं.

"असंन," त्या म्हणाल्या. "मले भाताचं माहीत." आणि उठून त्यांनी खरोखरच भात टाकला.

मी म्हणालो, "काकू, इकडे खोली आली तर ही खिडकी जाईल. काकांना सांगतो मी."

त्या चटकन वळल्या. काका बाहेर मिस्त्रीशी बोलत होते. त्यांचा आवाज ऐकू येतो आहे याची खात्री करून घेऊन त्यांनी मला हळू आवाजात सगळं सांगितलं.

घर बांधल्यावरची पहिली मंडई होती. तेव्हा एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढंच घर. काकूंच्या माहेरची माणसं, काकांच्या डेपोतली माणसं, दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. अशात काकांची धाकटी बहीण दारात आली. ती बपेऱ्याला दिलेली, तुमसरच्याही पलीकडे. सोबत तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी. काका तेव्हा ऐन रंगात होते. दारातच दोन्ही हात आडवे लावून म्हणाले, "गाडी फुल्ल आहे बाई. मागच्या गाडीनं ये."

सगळे हसले. बहीणही हसली. "बरं दादा, मागच्या गाडीनं येतो," म्हणाली, दारातूनच भावाच्या पाया पडली, पोरीचं बोट धरलं आणि निघून गेली. पाहुण्यांच्या गर्दीत कुणाला वाटलं ती शेजारी गेली, कुणाला वाटलं बाजारात गेली. संध्याकाळी काकूंनी विचारलं तेव्हा कळलं की ती गेलीच.

"मंग होळीच्या आंधी तिले ताप आला. तीन दिवसात गेली," काकू म्हणाल्या. "हे मातीले गेले, तेरवीले गेले. पण कोणाले काही इचारलं नाही. तोंडच नाही झालं. तवापासून बांधून राह्यले."

ज्या माणसानं भर पावसात, भरलेल्या गाडीत, रस्त्यात हात दाखवणाऱ्या एकालाही कधी मागे ठेवलं नाही, त्याच्या दारातून त्याची बहीण परत गेली होती. मला मास्तर आठवले, रिझर्व्ह आठवलं, बसस्टँड आठवला. टेप हातातच राहिला.

"त्याइले सांगजा नका," काकू म्हणाल्या. "माह्या घडीचं सांगतलं तं ते खोली बांधणार नाही. आन् खोली नाही बांधली तं झोपणार नाही. बांधू द्या. फक्त एक करजा बाबू. आमच्या मायच्या घरी वर छपराच्या कवेलूत एक काच होती. आंधारात रुपयाएवढं ऊन पडे. तुमच्या सिलॅबले तसं नाही ठेवता येत काय?"

"येतं की. नव्या खोलीच्या स्लॅबला हातभर जागा सोडू आणि वर काच बसवू. खिडकी तशीच राहू देऊ. ऊन नाही आलं तरी उजेड येईल आत."

"ध्यानात ठेवजा."

मी तिथेच कच्च्या कागदावर पेन्सिलीनं गोल काढला आणि त्यात 'काच' असं लिहिलं.

पुढचं सांगायला मला जड जातं, म्हणून पटकन सांगतो. कॉम्प्युटरवर नकाशा घेताना तो गोल राहून गेला. मुद्दाम नाही. त्या आठवड्यात फार फायली होत्या, एवढंच कारण आहे आणि ते कारण नव्हे. स्लॅब पडला त्या दिवशी मी भंडाऱ्याला होतो. दोन दिवसांनी गेलो तेव्हा मिस्त्री स्लॅबवर पाणी मारत होता. मी खाली उभा राहून वर पाहिलं. वरचं सगळं अखंड होतं. तेव्हा मला गोल आठवला.

काकू दारात होत्या. त्यांनीही वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"करू काहीतरी," मी म्हणालो.

"राहू द्या बाबू. बल्ब हाये ना."

काहीतरी करता आलं असतं. स्लॅब कापून काच बसवता येते, मशीन मिळतं. पण त्यासाठी काकांना सांगावं लागलं असतं की मी विसरलो, आणि काय विसरलो हेही सांगावं लागलं असतं. मी पुढच्या महिन्यावर टाकत गेलो. दोन वर्षं टाकत गेलो. मी काकूंना दिलेला शब्द पाळत होतो, असं मी स्वतःला समजावायचो. भित्र्या माणसाला अशी कारणं लगेच सापडतात.

त्या घरात पुढे भर दिवसा बल्ब जळू लागला. मी कधी गेलो की आतून काकू आधी विचारायच्या, "कोण?" आणि मग, "किती वाजले, बाबू?" काकांनी त्यांना भिंतीवरचं मोठं घड्याळ आणून दिलं होतं. त्यातले काटे त्यांना वाचता यायचे. तरी त्या विचारायच्या. एकदा सकाळीच लाइट गेली होती. मी बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरलो आणि मला काहीच दिसेना. थोड्या वेळानं दिसलं, काकू खिडकीच्या बाजूला जमिनीवर बसल्या होत्या आणि हाताच्या पंज्यानं कोबा चाचपत होत्या. मी आल्याचं कळल्यावर त्यांनी हात पदराला पुसला.

"सांज झाली काय, बाबू?" त्या म्हणाल्या. दहा वाजले होते.

मी त्या दिवशी ऑफिसात जाऊन मशीनवाल्याला फोन लावला. तो उचलला गेला नाही. मी दुसऱ्यांदा लावला नाही.

काका मात्र त्या खोलीवर खूश होते. 'खास' खोली. तिच्यात नवी खाट, नवी चादर, भिंतीत आरसा. "आता ते आली तं तिले मांडीवर बसाची गरज नाही," असं ते एकदा माझ्यासमोर बोलून गेले. मी 'कोण' असं विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांचा चेहरा तेव्हा हिशेब चुकता केलेल्या माणसाचा नव्हता. गाडी सुटायच्या वेळी दार धरून मागे पाहणाऱ्या माणसाचा होता.

काकू पडल्या त्या पूर्वेच्या खोलीच्या पायरीवर. स्वयंपाकघरापेक्षा ती फरशी दोन पायऱ्या वर होती, माझ्या नकाशात सपाट होती. सकाळची वेळ, लाइट गेलेली, त्या झाडायला निघाल्या होत्या. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यातून आणल्यावर खाट कुठे लावायची हा प्रश्न आला, कारण बाकीच्या खोल्यांना वळणं फार होती. शेवटी काकांनीच खास खोलीची चादर उलगडली. एवढ्या वर्षांत त्या घरातल्या जोडलेल्या खोल्यांत झोपलेलं पहिलं माणूस म्हणजे काकू. त्या तिथून उठल्याच नाहीत. पावसाळा संपता संपता गेल्या.

तेरवीला माणसं आली. दिघोरीहून आली, लाखांदूरहून आली, तुमसरकडून जीप भरून आली. मी पंगतीत वाढायला होतो. काकांचं घर मी पहिल्यांदा भरलेलं पाहिलं. चारही खोल्यांत माणसं, खाटांवर माणसं, दारादारात चपला. पायऱ्यांवर लोक ठेचकाळत होते, बाहेर जायचं दार शोधत परत स्वयंपाकघरात येत होते. आणि काका, डोकं भादरलेले, दुपट्टा गळ्यात, दारादारातून फिरत होते. दोन बोटं हलवत होते. "सरका जरा. आणखी एक बसते." सवयीनं म्हणत होते, आवाजात जीव नव्हता. मला त्यांच्याकडे पाहवेना.

दुपारी पंगती आटोपल्यावर एक तरुण बाई त्यांच्यासमोर येऊन बसली. कडेवर मूल. त्यांनी तिला ओळखलं नाही.

"मामाजी, मी बपेऱ्याची."

काका तिच्याकडे पाहतच राहिले. बहिणीची मुलगी. त्या दिवशी आईचं बोट धरून दारात आलेली. मी पत्रावळी गोळा करत होतो, तिथेच थांबलो. आजूबाजूला माणसं होती, पण काकांना ती दिसत नव्हती. त्यांनी तिचा हात धरला आणि इतकी वर्षं जे कुणालाच विचारलं नव्हतं ते विचारलं.

"तुही माय रागावली होती काय वो बाई? मी दारातून परत पाठवली तवा?"

तिला आधी कळलंच नाही. मग आठवलं.

"परत कोठी पाठवलं, मामाजी? आमाले थांबाचंच नव्हतं. बाबा बसस्टँडवर बॅगा घेऊन उभे होते. लाखनीले आत्याकडे निघालो होतो आमी. माय म्हणे, मंडईचा दिवस आहे, दादाले नुसतं तोंड दाखवून येतो." ती हसली. अगदी साधं हसली. "गाडीत बसल्यावर बाबाले सांगे, दादा दारातच कंडक्टर झाला, म्हणे मागच्या गाडीनं ये. हासून हासून तिच्या डोळ्याले पाणी आलं होतं. घरी कोणीही आलं का सांगे ते."

तिचा हात काकांनी सोडला नाही. त्यांची नजर तिच्यावरून निघाली आणि समोरच्या खोलीवर गेली, तिथून पलीकडच्या खोलीवर, तिथून पोर्चच्या. जणू ते एकेक सीट मोजत होते. शेवटी नजर पूर्वेच्या खोलीत पोचली. काकूंची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. तिथे ती थांबली.

त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगून टाकतो. मला वाटलं, या पोरीनं खोटं बोलायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की माय रागावली होती, फार रागावली होती. निदान त्या भिंतींना काही अर्थ राहिला असता.

आठ दिवसांनी मी सकाळी त्यांच्याकडे गेलो. पाहुणे पांगले होते. काका स्वयंपाकघरात बल्बखाली बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रेघांचं, काचेचं, पेन्सिलीच्या गोलाचं. वाटलं होतं ते शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते गुडघ्यांवर आले आणि जमीन पाहू लागले. बल्बच्या उजेडात रेघा दिसत नव्हत्या, वर धूर आणि तेल बसलं होतं. त्यांनी बोटांनी चाचपल्या. एक सापडली, मग दुसरी.

"हे कायची?"

"चहाची."

"आन् हे?"

"भाताची. ही भिंतीजवळची तुमच्या जेवणाची."

"मी घड्याळ आणून देल्लं तवा काहीच नाही बोलली," ते म्हणाले. मग त्या शेवटच्या रेघेवर बोट ठेवून बसले. उठले तेव्हा जुन्या सवयीनं भिंतीला टाच लावली, पण पाऊल पुढे टाकलं नाही.

"साहेब, इथी एक खिडकी बसते काय?"

"खिडकी आहेच काका. खोली आडवी आली आहे."

"मंग खोली उतरवा."

उतरवली. त्या कामाचा नकाशा मी काढला, पाडायच्या कामाचा सहसा कुणी काढत नाही. स्लॅब तुटताना मी पूर्ण वेळ तिथे उभा होतो. शेजारचे लोक येऊन म्हणाले, म्हातारा बिघडला. सात दिवसांत पूर्व मोकळी झाली, आणि आठव्या दिवशी सकाळी खिडकीतून ऊन आत आलं आणि कोब्यावर पडलं. काकांनी आधीच जमीन सोड्यानं घासून ठेवली होती. थंडीचे दिवस होते. ऊन थंडीच्या रेघांवरून चालू लागलं.

त्यानंतर मी जाईन तेव्हा ते तिथेच बसलेले असत. बल्ब बंद असे. ऊन रेघेवर आलं की ते आतल्या रिकाम्या चुलीच्या दिशेनं, फार मोठ्यानं नाही, म्हणत, "भाताचं ऊन झालं वो." आणि उठून स्वतः भात टाकत. मी एकदा हे ऐकलं आणि बाहेरूनच परत आलो.

पुढच्या मंडईला भाचीचा निरोप आला, बपेऱ्याला या. काकांनी पिशवी भरली. मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. तुमसरची गाडी आली ती दारापर्यंत लोंबकळणाऱ्या माणसांनी. काकांनी दांडीला हात घातला तर आतून तरुण कंडक्टर म्हणाला, "बाबाजी, फुल्ल आहे. मागच्या गाडीनं या."

मी पुढे झालो. म्हणालो, अरे, हे तुमच्याच डेपोचे आहेत, सरकवा जरा. काकांनी माझा हात धरला.

"राहू द्या, साहेब," ते म्हणाले. "तो चांगलं सांगून राह्यला. मागून गाडी असते."

आम्ही तासभर बाकावर बसलो. मागची गाडी आली, तिच्यात जागा होती, ते खिडकीशी बसले. गाडी वळताना त्यांनी दोन बोटं हलवली. मला आत बोलावत होते की मागे सरकायला सांगत होते, कळलं नाही. ते बपेऱ्यालाच राहिले, आणि उन्हाळ्यात तिथेच गेले. भाचीनं फोन करून सांगितलं. शेवटी शेवटी सकाळी किती वाजले म्हणून विचारत, असं म्हणाली.

घराला आता कुलूप आहे. लेआउटमधून जाताना लोक ते घर एकमेकांना दाखवतात. तीन बाजूंना खोल्या चिकटलेल्या, आणि चौथ्या बाजूला तुटक्या सळ्या आणि उघडी खिडकी. बांधणारा कोण अडाणी होता, असं विचारतात. मी सोबत असलो तर सांगतो, मीच होतो.

परवा त्या बाजूला काम होतं. सकाळची वेळ, थंडी. मी खिडकीपाशी गेलो आणि गजांना कपाळ लावून आत पाहिलं. चुलीवर जाळी धरली होती. भिंतीवरचं घड्याळ कधीच बंद पडलं होतं. ऊन जमिनीवर उतरलं होतं आणि त्याची कड भाताच्या रेघेवर आली होती. मी खिशातून मोबाइल काढून पाहिला. पावणेदहा झाले होते.

आत भात टाकायला कुणी नव्हतं. मी ऊन भिंतीपाशी जाईपर्यंत तिथेच उभा राहिलो.